सदऱ्याचा जन्मदाखला

घोड्याचे वय दातांवरून, झाडाचे वय बुंध्यातल्या कड्यांवरून आणि कारकुनाचे वय त्याच्या रजेच्या अर्जातल्या कारणांवरून ओळखता येते. कपड्याचे वय कशावरून ओळखायचे, हा प्रश्न मात्र पंचाहत्तरी येईपर्यंत मला पडलेला नव्हता. आमच्या घरात कपड्याला वय नसते, आश्रम असतात. सणाचा, कचेरीचा, घरातला, गोधडीतला आणि शेवटी पोतेऱ्याचा. माणसाला चार आश्रम सांगितले आहेत, कपड्याला एक जादा आहे. कारण कपडा संन्यास घेतल्यावरही फरशी पुसतो.

भिसेगाव हे कर्जत स्टेशनाला खेटून असलेले गाव. एवढे खेटून की, घाटात गाडी ढकलायला मागून इंजिन लागले की आमच्या फडताळातल्या कपबश्या किणकिणतात. अशा गावात जन्मलो, कर्जत लोकलने छत्तीस वर्षे मुंबईची कचेरी केली आणि निवृत्त होऊन ओट्यावर बसलो. इतिहासाशी माझा संबंध एवढाच, की शाळेत तो माझा नावडता विषय होता. सनावळी पाठ करण्यावरून मास्तरांच्या छड्याही खाल्ल्या आहेत. पण सूड उगवायचा झाला तर इतिहास साठ वर्षेसुद्धा थांबतो, हे मला माझ्या भाचीमुळे कळले.

भाची मंजू न्यू जर्सीला असते. एका दिवाळीत ती आली ती अंगात एक गडद हिरवा, बायकी, लोकरीचा कोट घालून. ऑक्टोबरात कर्जतला लोकरीचा कोट म्हणजे स्वतःला उकडून घेण्याचाच प्रकार. पण ती म्हणाली, “मामा, हात लावून बघ. जुना आहे. मुद्दाम जुना घेतलाय.”

आमच्या सौभाग्यवतींनी हात लावण्याऐवजी मागे घेतला. “कुणाचा गं?”

“काय माहीत! जुन्या कपड्यांच्या दुकानातून.”

“म्हणजे गेलेल्या बाईचा?” ही म्हणाली आणि आत जाऊन देवाजवळ दिवा लावून आली.

मंजूने कोटाच्या अस्तराची शिवण उलटी करून दाखवली. आत बोटभर रुंदीची चिंधीवजा पट्टी होती, तिच्यावर निळसर अक्षरे आणि सुईदोऱ्याचे चित्र. ती म्हणाली, “हे युनियनचं लेबल. यावरून कोट कधीचा ते सांगता येतं.”

आता युनियन म्हटले की मला आठवतो तो लालबागचा मोर्चा आणि त्यामुळे बंद पडलेली बससेवा. युनियन कपड्याला चिकटते, ही कल्पना नवी होती. तेव्हा मंजूने मला ओट्यावर बसवून जे सांगितले, आणि नंतर मी स्वतः ज्याच्या मागे लागून चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, ते थोडक्यात असे.

न्यूयॉर्कमध्ये १९०० साली बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची एक मोठी संघटना निघाली. तिचे पूर्ण नाव इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन. नाव लेडीजचे असले तरी सुरुवातीची पुढारी मंडळी बहुतेक मिशीवाली होती, ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. या संघटनेने मान्य केलेल्या कारखान्यात शिवलेल्या कपड्याच्या आत संघटनेची पट्टी शिवायची, म्हणजे घेणाऱ्याला कळावे की हा कपडा बरी मजुरी देऊन शिवून घेतलेला आहे. ही युक्तीही त्यांची स्वतःची नव्हे. १८७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या विडी... चुकलो, सिगार वळणाऱ्या गोऱ्या कामगारांनी पेट्यांवर पांढरी पट्टी चिकटवायला सुरुवात केली होती. आणि तिचा उद्देश, सांगायला संकोच वाटतो, ‘हा सिगार चिनी माणसाने वळलेला नाही’ हे सांगण्याचा होता. म्हणजे बऱ्या मजुरीच्या या पट्टीच्या खापरपणजीने पंक्तिभेद पाळलेला आहे. कुळाचा इतिहास फार खोल खणू नये म्हणतात, ते याचसाठी.

आता वय कसे काढायचे? संघटना मोठमोठ्या महासंघांत जाई, भांडून बाहेर पडे, पुन्हा आत येई, आणि दर वेळी पट्टीवरची आद्याक्षरे बदलत. अमेरिकेतल्या दोन बड्या महासंघांचे भांडण मिटून ते १९५५ साली एक झाले. पट्टीवर दोघांची अक्षरे जोडीने दिसली तर कपडा १९५५ नंतरचा. पट्टीत लाल, पांढरा, निळा असे तिन्ही रंग असले तर १९७४ नंतरचा. १९९५ साली ही संघटना दुसऱ्या संघटनेत विलीन झाली, म्हणून त्यानंतरचा नव्हेच. एखाद्या कपड्यात निळ्या गरुडाची पट्टी निघाली तर तो १९३३ ते १९३५ मधला. कारण मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने काढलेली ती योजना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोनच वर्षांत मोडीत काढली. गरुड गेला, चिंध्या राहिल्या.

“आपल्या कोटात जोडीची अक्षरं आहेत आणि लाल रंग नाही,” मंजू म्हणाली. “म्हणजे पंचावन्न ते चौऱ्याहत्तर.”

मी थक्क झालो. ज्या बाईचे नाव नाही, गाव नाही, तिच्या कोटाचा जन्मकाळ माझी भाची शिवण उसवून सांगत होती; आणि माझी स्वतःची जन्मवेळ तीन ज्योतिषांनी तीन तऱ्हेने सांगितलेली आहे.

मंजू आठ दिवसांनी गेली. जाताना कोट इथेच ठेवून गेली, उकाड्याला कंटाळून. पण मागे मला ते वेड लावून गेली. मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि घरातल्या तमाम जुनेराची जबानी घ्यायला बसलो.

पहिल्याच दिवशी लक्षात आले की आपल्याकडच्या कपड्याला युनियनची पट्टी नसते. आपले कपडे शिवत शेजारचे शिंपी, आणि त्यांची युनियन म्हणजे ‘दिवाळीआधी मिळणार नाही’ या वाक्यावरचे एकमत. पण आपल्याकडे कपड्याला नसला तरी कापडाला शिक्का असतो! गिरणीतून तागा निघाला की त्याच्या टोकाशी शाईचे शिक्के. गिरणीचे नाव, कापडाचा नंबर, लांबी, पुढे पुढे किंमत. कापडाचा व्यापार तर असा चित्रमय, की ताग्यावर लक्ष्मी, हत्ती, राजेमहाराजे यांची रंगीत तिकिटे चिकटवलेली असत. तिकीट गिऱ्हाइकाच्या घरी भिंतीवर जाई. शिक्क्याचे टोक मात्र काटकसरी आई टाकून देत नसे. ते आतल्या खिशाला, परकराच्या नेफ्याला, गोधडीच्या पोटात जाई. त्यामुळे महाराष्ट्राच्या कापडगिरण्यांचे खरे दप्तर हे लोकांच्या आतल्या खिशांत आहे, असे माझे मत झाले.

“गोधडीला हात लावायचा नाही,” सौभाग्यवतींनी बजावले. “सासूबाईंच्या हातची आहे.”

मी हात लावला नाही. ती देवळात गेल्यावर फक्त कात्री लावली.

आणि काय सांगू! एकेक थर उलगडला तसा एकेक जमाना बाहेर आला. पंधरा दिवसांत माझी अशी काही तयारी झाली, की नुसत्या चिंधीवरून मी साल सांगू लागलो. ही विद्या मी कुणापासून लपवून ठेवलेली नाही, तेव्हा तुम्हीही घ्या. शिक्क्यात ‘मेड इन ब्रिटिश इंडिया’ असले तर कापड स्वातंत्र्याआधीचे, हे उघडच आहे. लांबी वारांत छापण्याची सक्ती १८८९ च्या कायद्याने झाली. तेव्हा ‘वार’ दिसले की एकदम हुरळून जाऊ नये, तो सत्तर वर्षांचा ऐसपैस काळ आहे. दुसऱ्या महायुद्धात कापडाचे भाव आभाळाला भिडले तेव्हा १९४३ साली सरकारने नियंत्रणाचा हुकूम काढला आणि किंमत कापडावर छापली जाऊ लागली. (त्याच सुमाराला विलायतेतही कपड्यांवर सरकारी मोहोर आली होती, दोन अर्धवट खाल्लेल्या चकत्यांसारखी, ती १९४१ ते १९५२ एवढीच चालली. लढाई कुणाचीही असो, लंगोटीवर शिक्का दोन्हीकडे.) १९४८ च्या जानेवारीत आपल्याकडे नियंत्रण उठले, भाव पुन्हा भडकले, आणि त्याच वर्षी नियंत्रण परत आले. किंमत आण्यांत असली तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी सुरू झाली. आता खुबी पाहा. त्या नव्या नाण्यांना ‘नये पैसे’ म्हणत आणि १ जून १९६४ पासून त्यातले ‘नये’ गळाले. म्हणून ज्या चिंधीवर ‘न. पै.’ आहे तिचा जन्म त्या सात वर्षांतला. वार जाऊन मीटर आले तेही टप्प्याटप्प्याने, १९६० च्या आगेमागे. पत्त्यात सहा आकडी पिन असला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. गिरणीच्या नावाखाली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाचे नाव असले तर ती १९७४ साली सरकारजमा झालेल्या १०३ आजारी गिरण्यांपैकी असण्याचा दाट संभव.

ही बातमी भिसेगावात पसरायला वेळ लागला नाही. लोक पाटल्या-बांगड्या दाखवायला सराफाकडे जातात तसे माझ्याकडे धोतरे घेऊन येऊ लागले. एका गृहस्थांची ‘पेशवाईतली’ पगडीची पट्टी निघाली १९६२ ची. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र मनात म्हणालो, शास्त्र आहे, त्याला माया नसते.

ही गुर्मी उतरायची होती.

आमच्या घराण्यात एक सदरा आहे. माझ्या आजोबांचा. बेचाळीसच्या लढ्यात कर्जत, नेरळ, माथेरान या भागात भाई कोतवालांचा आझाद दस्ता होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे त्यांनी पाडले, हे तुम्ही वाचले असेल. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्याआधीच्या थंडीत आमचे आजोबा रात्री भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन रानाच्या तोंडाशी नेऊन ठेवत. एकदा पोलिसांची चाहूल लागली, ते करवंदीच्या जाळीत शिरले आणि सदऱ्याची उजवी बाही फाटली. तोच हा सदरा. खादीचा. १९६२ साली, चळवळीला वीस वर्षे झाली म्हणून शाळेत प्रदर्शन भरले, तेव्हापासून तो शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. दर २ जानेवारीला तो बाहेर निघतो आणि त्याच्या शेजारी उभा राहून मी भाषण करतो. तीस वर्षे करतो आहे. करवंदीच्या जाळीपाशी आलो की माझा आवाज आपोआप कातर होतो.

डिसेंबरात मुख्याध्यापिकाबाई स्वतः घरी आल्या. “काका, तुम्ही हल्ली कपड्यांची वयं सांगता म्हणे. आपल्या सदऱ्याला एक छानसं माहितीचं कार्ड लिहून द्या ना. आणि जमलं तर काकूंनी जरा धुऊनही द्यावा. कसर लागतेय.”

सदरा घरी आला. सौभाग्यवतींनी तो हलक्या हाताने खंगाळला आणि मागल्या दारी दोरीवर उलटा करून वाळत घातला. मी ओल्या सदऱ्यापुढे हात जोडून उभा होतो. सकाळची उन्हे त्याच्यातून आरपार येत होती. आणि खांद्यावरच्या दुहेरी पट्टीच्या आतून, उजेडावर धरलेल्या नोटेतल्या जलचिन्हासारखी, निळी अक्षरे वर आली.

पहिली गोष्ट म्हणजे अक्षरे होती. खादीला गिरणीचा शिक्का नसतो. महात्माजींच्या चरखा संघाचे प्रमाणपत्र खादीच्या दुकानाला असे. हा शिक्का तर चक्क ‘मिल्स लि., बॉम्बे’ म्हणत होता. मी म्हटले, ठीक आहे, मांजरपाट तर मांजरपाट. देशभक्ती सुतात नसते. पण त्याच्या खालची ओळ मी तीन वेळा चष्मा पुसून वाचली.

‘दर मीटर ... न. पै.’

आकडा पुसला गेला होता. पण आकडा कुणाला हवा होता? मीटर आणि नये पैसे! जी दोन अक्षरे दाखवून मी त्या पगडीवाल्या गृहस्थांचा अपमान केला होता, तीच माझ्या आजोबांच्या खांद्यावर! बेचाळीस साली करवंदीत फाटलेल्या सदऱ्याचे कापड विणले गेले होते साठ सालच्या आसपास.

“काय झालं?” ही आतून म्हणाली. “डाग राहिला का?”

“राहिला,” मी म्हणालो.

त्या रात्री झोप लागली नाही. पळवाटा शोधल्या. खांद्याची पट्टी मागाहून बदलली असेल? पण धागा सगळीकडे तोच, वीण तीच. शिक्का चुकून पडला असेल? होय, गिरणीने वीस वर्षे आधीच मीटर शोधून काढला असेल! पहाटे पहाटे एक नीच विचारही आला, की खांदा उसवावा, तेवढी पट्टी कापावी आणि कार्डावर ‘इ. स. १९४२’ असे वळणदार अक्षरात लिहावे. कोण बघतो? भिसेगावात ही विद्या येणारा माणूस एकच, आणि तो नात्यातला.

सकाळी उठलो आणि खोपोलीची गाडी धरली. तिथे आमची बनूआत्या असते. वय ब्याण्णव. माझ्या वडिलांच्या पिढीतली ही एकटीच शिल्लक. पळसधरी, केळवली, डोलवली, लौजी... एवढ्याशा प्रवासात मी चार वेळा ठरवले की विचारायचे नाही. आत्याच्या अंगणातून घाटावरून उतरणारे पाण्याचे मोठमोठे नळ दिसतात. टाटांचे हे वीजघर १९१५ पासूनचे. इथलीच वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जाई. म्हणजे ज्या तारेवर आझाद दस्त्याचा डोळा, तिचे माहेर आत्याच्या अंगणातून दिसत होते. आणि आत्या शेंगा सोलत होती.

मी सगळे सांगितले. शिक्का, मीटर, नये पैसे. आत्याने ऐकून घेतले. मग तोंडाला पदर लावला. मला वाटले, रडते आहे. ती हसत होती.

“अरे बाळ्या, तो सदरा असा कपाटात राहायला जिवंत होता होय? त्याची तर बाळोती केली!”

“कुणाची?”

“तुझी! तू झालास एकोणपन्नासच्या आषाढात. आठ आठ दिवस पाऊस उघडत नव्हता. वाळत घालायची ती बाळोती ओलीच्या ओली. मग आईनं घरातलं सगळं मऊसूत जुनेर काढलं. बाबांचा तो सदरा धुऊन धुऊन लोण्यासारखा झाला होता. त्याच्या निघाल्या चार. बाह्यांची टोपरी केली.”

मी काही काळ नळांकडे बघत बसलो. तीस वर्षे ज्या वस्तूवर भाषणे दिली, तिच्याशी माझा संबंध इतका निकटचा असेल असे वाटले नव्हते.

“मग शाळेतला कुठला?”

“हेडमास्तर आले होते घरी. म्हणाले, तो सदरा द्या. आता आई काय सांगणार? स्वातंत्र्याचा सदरा नातवानं भिजवला म्हणून? तिनं बाबांचा दुसरा काढला, वर्षा-दीड वर्षाचा असेल. चहाच्या पाण्यात उकळला. दगडावर घासला. बाही मीच फाडली, गोठ्याच्या कुंपणाला अडकवून. माहेरपणाला आले होते ना मी.”

“आणि आजोबा?”

“बाबा बघत होते. म्हणाले, अगं, इतका मळवू नका, मी इतका घाणेरडा नव्हतो.”

आता मी घाबरत घाबरत खरा प्रश्न विचारला. “आत्या, भाकऱ्या तरी...?”

तिचे हसणे थांबले. शेंगांचे सूप बाजूला सरकवून ती म्हणाली, “भाकऱ्या मी मोजल्यात. नऊ वर्षांची होते. आई पंचवीस थापायची. आम्हांला सांगायची गोंधळ आहे, देवीचा नैवेद्य. पण घरात तांदळाची कणी शिल्लक नसायची. त्या दिवसांत आम्ही रात्री पेज प्यायचो आणि भाकऱ्या रानात जायच्या. आणि ते सकाळी परत येईपर्यंत आई चुलीपुढून हलायची नाही. सदऱ्याचं काय घेऊन बसलास?”

जाता जाता तिने आणखी एक सांगितले. तो खरा सदरा खादीचा नव्हताच. आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्याआजोबा, लालबागला गिरणीत दोन मागांवर होते. सदऱ्याचे कापड त्यांच्या ‘डागी’ ताग्यातले. हे डागी प्रकरण मला ऐकून ठाऊक होते. विणताना तार तुटली, तेलाचा डाग पडला, की कापड तपासणारा ताग्यावर विणकराचा मागनंबर बघे. तो खराब तागा विणकराच्याच गळ्यात मारत आणि त्याची किंमत पगारातून कापून घेत. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात, ज्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, मालकांपुढे ठेवलेल्या मागण्यांत ही पद्धत बंद करा अशीही मागणी होती. दंडावर कायद्याची मर्यादा आली ती १९३६ च्या वेतन कायद्याने. तोवर तात्याआजोबांनी पदरमोड करून असे दोन तागे गावी आणलेले होते आणि घरातले सगळे त्यातच शिवलेले होते.

परतीच्या गाडीत मी त्याचाच विचार करीत होतो. अमेरिकेत कामगाराची खूण कपड्यात शिवत, ती त्याला मान मिळावा म्हणून. आमच्या तात्याआजोबांची खूण कापडावर होती, मागाच्या नंबराच्या रूपाने. पण ती कुणाला दंड करायचा हे कळावे म्हणून. मुंबईत १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी निघाली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढे लाल बावट्याची युनियन आली, राष्ट्रीय मिल मजदूर संघ आला, संप झाले, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली. तात्याआजोबांचा मुलगा त्यांतलाच. तो भिसेगावी परत आला आणि स्टेशनाबाहेर भाजी विकू लागला. गिरण्यांची नावे आमच्या गोधडीत आजही वाचता येतात. विणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव माझ्या कात्रीला सापडले नाही.

आणि गंमत बघा. एक भाऊ गिरण्यांची वीज तोडणाऱ्यांना भाकऱ्या पोचवत होता. दुसरा भाऊ त्याच विजेवर चालणाऱ्या मागांवर होता. वीज गेली की माग बंद. आणि या भावाने दंड भरून आणलेल्या कापडाचा सदरा घालून तो भाऊ रानात जात होता. आजवरच्या माझ्या भाषणात तात्याआजोबा एकदाही आलेले नव्हते.

घरी आल्यावर हिला सगळे सांगितले. ती म्हणाली, “मग आता कार्डावर काय लिहिणार?”

“तू सांग.”

“जे आहे ते लिहा. तीस वर्षं ऐकतेय, जाळीपाशी तुमचा आवाज थरथरतो तो मला कधी खरा वाटला नाही.”

मी कार्ड लिहिले. ‘हा सदरा स्वातंत्र्यसैनिकांना भाकरी पोचवणाऱ्या गृहस्थांचा आहे. मात्र तो १९४२ चा नसून, आतील शिक्क्यावरून, सुमारे १९६० ते १९६२ च्या दरम्यानचा आहे. मूळ सदरा त्यांच्या धाकट्या भावाने विणलेल्या व गिरणीने दंड करून त्यांच्या माथी मारलेल्या कापडाचा होता. तो १९४९ च्या पावसाळ्यात नातवाच्या बाळोत्यांसाठी फाडण्यात आला. भाकऱ्या थापणाऱ्या आजीने हे सर्व कोणाला सांगितले नाही.’

मुख्याध्यापिकाबाईंनी ते दोनदा वाचले. पहिल्यांदा कपाळाला आठी होती. दुसऱ्यांदा त्यांनी ‘बाळोत्यांसाठी’वर पेन्सिल टेकवली, थोडा वेळ तशीच धरली आणि खाली ठेवली. म्हणाल्या, “राहू दे. मुलं हसतील, पण लक्षात ठेवतील.”

२ जानेवारीला मी भाषण केले. जाळी वगळली. भाकऱ्या, पेज, दोन भाऊ आणि मागाचा नंबर एवढेच सांगितले. आवाज मुळीच कातर केला नाही, तरी मधेच एकदा घसा खाकरावा लागला. कार्यक्रम संपल्यावर चौथीतला एक मुलगा कपाटाच्या काचेला नाक लावून कार्ड वाचत होता. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे वळला.

“आजोबा, तो नातू म्हणजे तुम्ही?”

“हो.”

“मग तुम्ही ती बाळोती जपून का नाही ठेवलीत?”

एवढ्या शिक्क्यांचा अभ्यास करूनही या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते सौभाग्यवतींनी मागून दिले. म्हणाली, “अरे, त्यांच्यावरही शिक्के होतेच. धुतल्यावर गेले.”